रिपोर्टात ‘स्ट्रेप्टोकॉकस’ आलाय, पण कुठला?

जून २०२४ मध्ये एक मथळा सगळीकडे फिरत होता: जपानमध्ये ‘मांस खाणारा जिवाणू’, ४८ तासांत मृत्यू. सोबत आकडाही होता. त्या वर्षी २ जूनपर्यंत जपानमध्ये ९७७ रुग्ण झाले होते आणि त्याआधीच्या अख्ख्या २०२३ सालात ९४१. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोकॉकस. ज्या घरांत ही बातमी वाचली गेली त्यांतल्या कितीतरी घरांत त्याच वेळी ओट्यावर दही लागत होतं, आणि विरजणात राबणाऱ्या एका जिवाणूचं नावही स्ट्रेप्टोकॉकसच. पोरांचे दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस. लहान बाळांना न्यूमोनिया करणारा, ज्याच्यावरची एक लस पुण्यात तयार होते, तोही स्ट्रेप्टोकॉकस.

त्यामुळे लॅबच्या कागदावर हा शब्द दिसला की घाबरायचं की सोडून द्यायचं, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. ठरतं ते पुढच्या शब्दावरून, आणि नमुना शरीराच्या कुठल्या भागातून घेतला त्यावरून.

आडनाव आधी, नाव नंतर

शाळेच्या हजेरीपटावर ‘जाधव सुनीता’ असं लिहितात तशीच जिवाणूंची शास्त्रीय नावं लिहितात. पहिला शब्द आडनाव: स्ट्रेप्टोकॉकस. याला प्रजाती म्हणायचं. दुसरा शब्द त्याचं स्वतःचं नाव: पायोजेनिस, न्यूमोनिई, थर्मोफिलस. ही झाली जाती. (वर्तमानपत्रं ‘प्रजाती’ सर्रास दुसऱ्या अर्थाने वापरतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.) या एका आडनावाखाली आज शंभरावर जाती आहेत.

नाव पाडलं व्हिएन्नाचे शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोट यांनी, १८७४ मध्ये. चिघळलेल्या जखमांमधल्या पुवात त्यांना गोल दाण्यांच्या माळा दिसल्या. ग्रीक भाषेत ‘स्ट्रेप्टोस’ म्हणजे पीळ दिलेला आणि ‘कोक्कोस’ म्हणजे दाणा. त्यातल्या सगळ्यात कुप्रसिद्ध भावाला १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी ‘पायोजेनिस’, म्हणजे पू करणारा, असं नाव दिलं.

माळ, घड आणि चोचवलेली काकडी

गोल जिवाणू पुष्कळ आहेत. नुसत्या गोलाईवरून काही कळत नाही. हे गोळे एकमेकांना कसे चिकटून राहतात ते बघावं लागतं. काकडीच्या चकत्या केल्या आणि हलवल्या नाहीत तर त्या एका रांगेत राहतात. तीच काकडी कोशिंबिरीसाठी चोचवली तर उभे-आडवे घाव बसतात आणि तुकड्यांचा ढीग होतो. स्ट्रेप्टोकॉकसची पेशी दर वेळी एकाच अक्षावर दुभंगते, म्हणून माळ होते. त्याचा नावाने जवळचा वाटणारा स्टॅफिलोकॉकस वेगवेगळ्या दिशांनी दुभंगतो, म्हणून द्राक्षाचा घड होतो, आणि ‘स्टॅफिली’ याचा ग्रीक अर्थही द्राक्षाचा घड असाच आहे. एकेक दाणा एक मायक्रोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे एक मिलिमीटर लांबीत हजारभर दाणे बसतील.

माळेवर फार विसंबू नये मात्र. पातळ सुपासारख्या माध्यमात वाढवला तर लांब माळा दिसतात, पण घट्ट जेलीवरून उचलून काचेवर पसरला की माळ तुटते आणि जोड्या किंवा तीन-चार दाण्यांचे तुकडेच दिसतात. न्यूमोनियावाला तर मुळातच जोडीने राहतो. म्हणून दोन चाचण्या लगेच करतात.

पहिली म्हणजे ग्रॅमचा रंग. काचेवर जिवाणू पसरून आधी जांभळा रंग एक मिनिट, मग आयोडिन एक मिनिट, मग काही सेकंद अल्कोहोलने धुणं, आणि शेवटी गुलाबी रंग. हळद गोधडीवर सांडली तर ती धुऊनही जात नाही, स्टीलच्या ताटावर सांडली तर पाण्याने निघते. स्ट्रेप्टोकॉकसची बाहेरची भिंत गोधडीसारखी जाड असते, जांभळा रंग तिच्यात अडकून बसतो. रिपोर्टातल्या ‘ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय इन चेन्स’ या ओळीचा अर्थ एवढाच: जांभळे, गोल, माळेत. इथे ‘पॉझिटिव्ह’चा रोग असण्या-नसण्याशी काही संबंध नाही.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. वाढलेल्या जिवाणूंवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. स्टॅफिलोकॉकस असेल तर लगेच फसफसून बुडबुडे येतात, कारण त्याच्याकडे पेरॉक्साइड फोडणारं कॅटॅलेज नावाचं विकर असतं. स्ट्रेप्टोकॉकसकडे ते नसतं, थेंब शांत राहतो. चूक कुठे होते? जिवाणू उचलताना खालच्या जेलीतलं रक्तही खरवडलं गेलं तर तांबड्या पेशींमधलं कॅटॅलेज फसफसतं आणि स्ट्रेप्टोकॉकसला स्टॅफिलोकॉकसचं लेबल लागतं. काही धातूंच्या तारेनेही बुडबुडे येतात. म्हणून सराईत हात लाकडी काडी वापरतो आणि फक्त वरवरचा भाग उचलतो.

रक्ताच्या प्लेटवर काय दिसतं

वर्गीकरणाची खरी मजा इथे आहे. आगर म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली, चायना ग्रासच्या जातकुळीतली जेली. तिच्यात सुमारे ५ टक्के मेंढीचं रक्त मिसळून चपट्या बशीत ओततात. चकचकीत लाल, शाईच्या पॅडसारखी दिसणारी बशी. तिच्यावर घशाचा बोळा, म्हणजे घशात घासून आणलेली कापूस लावलेली काडी, फिरवून ३५ ते ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की टाचणीच्या डोक्याहून लहान, करड्या ठिपक्यांसारख्या वसाहती दिसतात. ठिपक्यांकडे नंतर बघायचं. आधी त्यांच्या भोवतालचं रक्त बघायचं.

काही ठिपक्यांभोवती रक्त पूर्ण विरघळलेलं असतं. बशी वर्तमानपत्रावर धरली तर त्या गोल खिडकीतून खालची अक्षरं वाचता येतात. याला बीटा म्हणतात. काहींभोवती लाल रंग जाऊन हिरवट छटा येते, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात कळकलेल्या ताकासारखी. हा अल्फा. तिथे तांबड्या पेशी पूर्ण फुटलेल्या नसतात. जिवाणूने सोडलेल्या पेरॉक्साइडने हिमोग्लोबिनचा रंग बिघडवलेला असतो. तिसऱ्या प्रकारात रक्ताला काहीच होत नाही आणि त्याला गॅमा म्हणतात. ही विभागणी शोट्म्युलर यांनी १९०३ मध्ये सुरू केली आणि ब्राउन यांनी १९१९ मध्ये तिला ही ग्रीक अक्षरं चिकटवली.

बीटावाल्यांची खिडकी पाडणारी दोन विषं असतात, स्ट्रेप्टोलायसिन ओ आणि एस. त्यातलं ‘ओ’ हवेतल्या ऑक्सिजनने निकामी होतं. म्हणून बोळा फिरवून झाल्यावर तंत्रज्ञ तारेने जेलीत दोन-तीन ठिकाणी टोचतो. खोल गेलेले जिवाणू हवेपासून दूर वाढतात आणि ‘ओ’चं काम दिसतं. हे ‘ओ’ लक्षात ठेवा, पुढे एका रक्तचाचणीत ते परत भेटणार आहे.

मेंढीचंच रक्त का, हा प्रश्न रास्त आहे. रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त फुकटात मिळतं. पण त्यात प्रतिपिंडं असतात, गोठू नये म्हणून घातलेलं रसायन असतं, कधी रक्तदात्याने घेतलेल्या औषधाचा अंशही असतो. मग वाढ मंदावते, खिडक्या धूसर पडतात, आणि बीटा असलेला जिवाणू नजरेतून सुटतो. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तर बशी आणखी एक दिवस ठेवून ४८ तासांनी परत बघणं हाही नियमाचाच भाग आहे. घाईत नेमका तोच गाळला जातो.

गट ‘ए’ म्हणजे रक्तगट नव्हे

‘ग्रुप ए स्ट्रेप’ वाचून ‘पण आमच्या मुलीचा ब्लडग्रुप बी आहे’ असं म्हणणारे पालक असतात. दोन्हींचा काडीचा संबंध नाही.

हे गट रेबेका लान्सफिल्ड यांनी पाडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी माणसं, गाई आणि दुधापासून मिळवलेले बीटा जिवाणू गोळा केले, गरम आम्लात उकळून त्यांच्या भिंतीतला एक साखरेसारखा पदार्थ काढला आणि १९३३ मध्ये दाखवून दिलं की या पदार्थावरून जिवाणूंचे सरळ गट पडतात. तो पदार्थ म्हणजे जणू गाडीच्या नंबरातलं एमएच. गाडी कुठल्या राज्यातली ते सांगतं.

गट ए म्हणजे पायोजेनिस: घसा, त्वचा आणि जपानच्या बातमीतला मुख्य आरोपी. गट बी म्हणजे अगॅलॅक्टिई. या नावाचा अर्थच ‘दूध नसणं’, कारण तो आधी गाईम्हशींच्या कासदाहात सापडला, ज्याला गोठ्यात दगडी म्हणतात. माणसांत तो नवजात बाळांना पहिल्याच आठवड्यात जंतुदोष करतो. गट सी आणि जी जनावरांत जास्त, माणसांत कमी.

गट सी मधल्या एकाकडून वैद्यकाने उलट कामही करून घेतलं. रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे औषध त्याच्यापासून मिळतं. हार्ट अटॅकच्या रुग्णाला १५ लाख युनिट तासाभरात सलाइनमधून देतात. लहान गावांत, जिथे अँजिओप्लास्टीची सोय लांब आहे, तिथे या इंजेक्शनाने पुष्कळ हृदयं वाचवली. मात्र शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, म्हणून एकदा दिल्यावर तेच परत देत नाहीत. दिलं असेल तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं.

लान्सफिल्डची पद्धत सगळ्यांना लागू पडत नाही. न्यूमोनियावाल्याच्या भिंतीत असा गट ठरवणारा पदार्थ नाही, आणि तोंडात राहणाऱ्या हिरवट अल्फावाल्यांपैकी बहुतेकांचा गट लागत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या कसोट्या आहेत. ऑप्टोचिन नावाच्या रसायनाची चकती ठेवली की न्यूमोनियावाला तिच्याभोवती वाढत नाही, बाकीचे अल्फा बिनधास्त वाढतात.

मग नावं सारखी का बदलतात?

जुन्या पुस्तकात ‘स्ट्रेप्टोकॉकस फीकॅलिस’, नव्या रिपोर्टात ‘एंटेरोकॉकस फीकॅलिस’. जिवाणू तोच. दिसण्यावरून, खिडकीवरून आणि गटावरून केलेली वाटणी पुष्कळ चालली, पण आनुवंशिक रेणूंची तुलना करता येऊ लागल्यावर कळलं की एका छपराखाली राहणारे सगळे एका रक्ताचे नव्हते. आतड्यात राहणाऱ्यांना १९८४ मध्ये वेगळं काढून एंटेरोकॉकस म्हटलं, ते ६.५ टक्के मिठातही वाढतात, बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस वाढत नाहीत. दुधातल्या काहींना १९८५ मध्ये लॅक्टोकॉकस हे आडनाव मिळालं. न्यूमोनियावाला उलट दिशेने आला: आधी डिप्लोकॉकस होता, १९७४ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस झाला.

हा कागदी उद्योग वाटेल, पण उपचार त्यावर ठरतात. एंटेरोकॉकसवर सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं चालत नाहीत, स्ट्रेप्टोकॉकसवर सहसा चालतात.

आजही सगळं सुटलेलं नाही. न्यूमोनिई आणि तोंडातला निरुपद्रवी मायटिस हे इतके सख्खे आहेत की जिवाणूंच्या ओळखपरेडीत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं जनुक दोघांत ९९ टक्क्यांहून जास्त सारखं असतं. महागडं यंत्रही त्यांच्यात गफलत करतं. अशा वेळी ऑप्टोचिनची जुनी चकती, किंवा पित्तक्षार घातल्यावर जिवाणू विरघळतो का ही त्याहून जुनी युक्ती, निकाल लावते.

‘मग दही खायचं की नाही?’

खायचं. दह्यातला थर्मोफिलस हा तोंडात राहणाऱ्या सॅलिव्हेरियसचा जवळचा नातेवाईक. हजारो वर्षं दुधातच मुक्काम केल्याने बाकीच्या वस्तू त्याने टाकून दिल्या. २००४ मध्ये त्याची संपूर्ण जनुकं वाचली गेली तेव्हा दिसलं की सुमारे १० टक्के जनुकं मोडीत निघालेली आहेत, आणि रोग करणाऱ्या भावांकडची मुख्य हत्यारं त्याच्याकडे नाहीत किंवा निकामी आहेत. ऐतखाऊ झाला म्हणा ना.

त्याला ४० ते ४५ अंश सेल्सिअस मानवतं. दूध उकळून बोटाला सोसवेल इतकं कोमट झालं की विरजण लावतात ते याच तापमानाला. फार गरम दुधात विरजण मरतं, थंड दुधात काम रेंगाळतं. आधी थर्मोफिलस झपाट्याने आंबट करतो आणि फॉर्मिक आम्लासारखी मदत विरजणातल्या दुसऱ्या जिवाणूला, लॅक्टोबॅसिलसला, पुरवतो. लॅक्टोबॅसिलस दुधाची प्रथिनं तोडून त्याचे तुकडे थर्मोफिलसला देतो. दोघं मिळून आंबटपणा इतका वाढवतात की दुधातलं केसिन हे प्रथिन धरतं. थंडीच्या दिवसांत साधारण ३० अंशांना लागलेल्या घरगुती दह्यात मात्र मोठा वाटा बहुधा लॅक्टोकॉकसचा असतो, म्हणजे १९८५ पर्यंत जो स्ट्रेप्टोकॉकसच होता त्याचा.

आंबट करण्याची हीच खोड दातांना नडते. म्यूटन्स हा भाऊ साखरेपासून चिकट थर करून दाताला चिकटतो आणि त्याखाली आम्ल सोडतो. पीएच (आंबटपणा वाढला की हा आकडा कमी होतो) ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्ली ते इथे जास्त महत्त्वाचं, कारण दर वेळी पीएच खाली जाऊन वर यायला अर्धा-पाऊण तास जातो.

घसा आणि हृदय

भारताच्या दृष्टीने पायोजेनिसचं सगळ्यात मोठं दुखणं जपानच्या बातमीत नव्हतंच. ते आहे ऱ्हुमॅटिक ताप, लोक ज्याला संधिवाताचा ताप म्हणतात. मूल साधारण ५ ते १५ वर्षांचं. घसा दुखतो, चार दिवसांत आपोआप थांबतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. गुडघा सुजतो, तो उतरतो न उतरतो तोच घोटा सुजतो. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाची झडप मात्र, बहुतेक वेळा डाव्या बाजूची मायट्रल, खराब होऊन राहू शकते.

जिवाणू हृदयापर्यंत गेलेला नसतो. त्याच्या पृष्ठभागावरचं एम प्रथिन आणि हृदयाच्या स्नायूतलं मायोसिन यांचा तोंडवळा सारखा असतो. चोराचं रेखाचित्र हातात घेऊन निघालेल्या पोलिसांनी त्याच्यासारखा दिसणारा शेजारी पकडावा, तशी आपलीच प्रतिकारशक्ती झडपेवर घसरते. या एम प्रथिनाचे २०० हून जास्त प्रकार आहेत, लस अजून न येण्याचं एक मोठं कारण तेच.

मग प्रत्येक घसादुखीला अँटिबायोटिक द्यावं का? नाही. मुलांत फार तर तीनातल्या एका घसादुखीमागे पायोजेनिस असतो, मोठ्यांत त्याहून कमी; बाकी बहुतेक विषाणू, आणि विषाणूंवर या गोळ्या चालत नाहीत. डॉक्टर चार गोष्टी बघतात: ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, टॉन्सिलवर पांढरट थर, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, आणि खोकला नसणं. चौथी खूण लोक उलटी समजतात. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज असेल तर संशय विषाणूकडे वळतो.

शंका असेल तर घशाचा बोळा. तो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचा. जीभ दाबून दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत जोर देऊन घासायची. मूल ओकारी काढतं ते बरोबर घेतल्याचंच लक्षण. जीभ आणि गालावर फिरवलेला बोळा फक्त तोंडातले अल्फावाले गोळा करतो, आणि ‘निगेटिव्ह’ हा खोटा दिलासा मिळतो.

पायोजेनिस निघाला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, पूर्ण १० दिवस. ‘तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, मग थांबवल्या’ ही इथली नेहमीची चूक. बरं वाटणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांचं काम, घशातून जिवाणू पुरता हटवणं हे उरलेल्या दिवसांचं, आणि झडप वाचते ती दुसऱ्या कामाने. गोळ्यांची खात्री नसेल तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन त्या दहा दिवसांची जागा घेतं. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला तरी ऱ्हुमॅटिक ताप टळतो, त्यामुळे रिपोर्टसाठी दोन दिवस थांबल्याने बिघडत नाही.

ज्याला एकदा हा ताप येऊन गेला, त्याला हेच इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, अनेक वर्षं घ्यावं लागतं. झडप खराब असेल तर चाळिशीपर्यंतही. दुखतं, म्हणून टाळलं जातं. पण पुढच्या प्रत्येक घसादुखीत झडपेवर नवा घाव बसू शकतो.

‘एएसओ वाढलाय, म्हणजे मुलाला आहेच ना?’

मघाचं स्ट्रेप्टोलायसिन ओ इथे परत येतं. त्या विषाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं म्हणजे एएसओ. कागदावर ‘२०० पर्यंत नॉर्मल’ छापलेलं असतं, मुलाचा आकडा ३०० येतो आणि घर हादरतं.

मतदानाची शाई आठवा. बोटावर शाई आहे म्हणजे माणूस मत देऊन आला. तो आत्ता केंद्रात उभा आहे असं काही ती सांगत नाही, आणि मत कोणाला दिलं हे तर नाहीच. एएसओ जंतुदोषानंतर आठवड्याभराने वाढू लागतो, तीन ते सहा आठवड्यांत सर्वांत वर जातो आणि कित्येक महिने रेंगाळतो. शाळकरी मुलांना घसादुखी वरचेवर होत असल्याने त्यांचा आकडा मोठ्यांपेक्षा मुळातच जास्त असतो. गट सी आणि जी मधले काही जिवाणूही तेच विष करतात, त्यांनीही तो वाढतो.

म्हणून नुसत्या आकड्यावर पेनिसिलिन सुरू करत नाहीत, आणि आकडा खाली आणणं हा उपचाराचा हेतूही नसतो. सांधे सुजलेले असतील, हृदयात नवा आवाज ऐकू येत असेल, तर ‘नुकताच स्ट्रेप होऊन गेला’ याचा पुरावा म्हणून एएसओ कामाला येतो. नुसते पाय दुखतात म्हणून तो करून घेण्यात अर्थ नाही. शिवाय त्वचेवरच्या फोडांतून जंतुदोष झाला तर एएसओ वाढतोच असं नाही. अशा फोडांनंतर तीन-चार आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजला, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मूत्रपिंडाचा शोध घेताना अँटी-डीएनएज बी ही वेगळी चाचणी करतात.

मांस खातो म्हणजे काय करतो?

खात नाही. त्वचेखालच्या थरात शिरून तो विषं आणि विकरं सोडतो, तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडतात आणि रक्ताविना मांस मरतं. काही विषं प्रतिकारशक्तीला एकदम भडकवतात, रक्तदाब कोसळतो आणि एकामागून एक अवयव थांबतात. जपानच्या आकड्यांत मोजला गेलेला आजार हाच. दगावण्याचं प्रमाण मोठं आहे, साधारण दहांत तीन. पण ज्यांच्या घशात पायोजेनिस सापडतो त्यांच्यातल्या अगदी मोजक्यांवर ही पाळी येते. शाळकरी मुलांत दहांतलं एखादं तर त्याला कसलाही त्रास न होता घशात बाळगून असतं.

ओळखीची खूण अशी: वरून त्वचा नुसती लालसर, पण वेदना असह्य, आणि लाली तासातासाला पुढे सरकते. पेनाने कडा आखून ठेवली तर दोन तासांत कळतं. तिथे मलमपट्टीत वेळ घालवायचा नाही. शस्त्रक्रियेने मेलेला भाग काढावा लागतो. औषधात पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिन देतात, कारण पेनिसिलिन जिवाणू मारतं पण क्लिंडामायसिन विषाचा कारखाना बंद पाडतं.

आणि पेनिसिलिन अजून चालतं का? चालतं. ऐंशी वर्षांच्या वापरानंतरही रुग्णांमध्ये पेनिसिलिनला न जुमानणारा पायोजेनिस सापडलेला नाही. आपल्याकडे घसा धरला की मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणायची सवय आहे. त्या औषधाला दाद न देणारे पायोजेनिस मात्र आहेत. न्यूमोनियावाल्याने पेनिसिलिनलाही बऱ्यापैकी दाद देणं सोडलंय, म्हणून तिथे भर लसीवर. सरकारी वेळापत्रकात ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना असते, २०२१ पासून देशभर. सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल दहा प्रकारांवर बेतलेली आहे. न्यूमोनियावाल्याच्या कवचाचे एकूण प्रकार शंभराच्या वर.

कागदावर पुढचा शब्द कुठला आहे?

गरोदरपणात लघवीच्या रिपोर्टात अगॅलॅक्टिई किंवा ‘ग्रुप बी’ आलं, तर संख्या कमी असली तरी डॉक्टरला दाखवायचं आणि प्रसूतीच्या फाइलवर ठळक लिहून घ्यायचं. बाळाला वाचवणारा डोस कळा सुरू झाल्यावर शिरेतून द्यायचा असतो. महिनाभर आधी घेतलेल्या गोळ्यांनी बाळाचं रक्षण होत नाही, कारण जिवाणू परत येऊन बसतो.

रक्तात ‘गॅलोलिटिकस’, जुन्या नावाने ‘बोव्हिस’, निघाला तर हृदयाच्या इकोबरोबर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी सांगतील. पोटाची काहीच तक्रार नसताना ही तपासणी कशाला, असं वाटेल. पण या जातीचं आतड्यातल्या गाठींशी आणि कॅन्सरशी नातं पक्कं आहे.

आणि ‘व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकॉकाय’, म्हणजे ते हिरवट अल्फावाले. घशाच्या बोळ्यात हे शब्द असतील तर ती तुमच्या तोंडातली रोजची वस्ती; कागद फाइलला लावून टाका. तेच शब्द रक्ताच्या कल्चरच्या दोन बाटल्यांवर आले आणि रुग्णाची झडप आधीच खराब असेल, तर दात काढल्यावर किंवा हिरडीतून रक्तात शिरलेले हे जिवाणू झडपेवर बसले असण्याची शक्यता असते. तो कागद घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.